पॅसिफिकमधल्या बेटांवर सेवेसाठी गेलेले मिशनरी दिवसभर नेमकं करतात काय?

तुम्ही विचारलंय की असे लोक दिवसभर काय करतात, 'सेवा' हे धर्मांतराचं गोंडस नाव आहे का, आणि तुम्हाला स्वतःला सहा महिने जायचं असेल तर जमेल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: पाणी. बाकीच्या दोन्हींकडे येते, पण जरा वळणं घेत.

मी मूळची वसईची. पेशाने नर्स, लग्न होऊन ऑकलंडला आले. दोघंही निवृत्त झाल्यावर चर्चमधल्या ओळखीतून २०१८ साली अकरा महिने किरिबातीला राहून आलो. आम्ही ना फादर ना सिस्टर. दोन मुलं, एक नातू, गुडघेदुखी असं प्रापंचिक जोडपं. नवऱ्याची हयात पाण्याच्या पाइपलाइनी टाकण्यात गेली होती, म्हणून त्याला मागणी होती. मी बरोबर गेले.

किरिबाती असं लिहितात, पण तिथले लोक म्हणतात 'किरिबास'. 'ti' लिहिलं की 'स' वाचायचं, हा त्यांचा नियम. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना विखुरलेली ३३ बेटं, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातली निम्मी माणसं राजधानीच्या दक्षिण तारावा नावाच्या पट्टीवर. पट्टीच म्हणायचं त्याला. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला शांत लगून (प्रवाळाच्या कड्याआड अडलेलं उथळ समुद्राचं पाणी), मध्ये एक रस्ता. बऱ्याच ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडचं पाणी दिसतं. जमीन समुद्रापासून दोन-तीन मीटर वर. डोंगर नाही, नदी नाही, साधा ओढासुद्धा नाही.

तर दिवस. पहाटे पाचला देवळाची घंटा. (आम्ही वसईकर ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, गोंधळू नका.) घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रिकामा गॅस सिलिंडर आणि त्यावर बडवायला लोखंडी कांब. त्या आवाजाने कोंबडे, डुकरं आणि कुत्री एकदम जागी होतात. कुत्र्याला तिथे 'कमेआ' म्हणतात. गोरे खलाशी आपल्या कुत्र्यांना 'कम हिअर' म्हणून हाका मारायचे, त्यावरून ते नाव पडलं अशी गोष्ट सगळे सांगतात.

उठल्यावर पहिलं काम टाकीवर टकटक. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून प्लास्टिकच्या टाकीत येतं, तेच प्यायचं. बोटाच्या पेरांनी वरून खाली ठोकत यायचं. रिकाम्या भागावर पोकळ आवाज येतो, पाणी लागलं की बद्द. आवाज बदलतो तिथे नवरा खडूने रेघ मारायचा आणि बाजूला तारीख लिहायचा. आज आंघोळ करायची की नुसतं अंग पुसायचं, ते त्या रेघेवर ठरायचं. एकदा पाच आठवडे नीट पाऊस झाला नाही. तेव्हा टाकीच्या पोटावर एकाखाली एक उतरत गेलेल्या त्या रेघा पाहून मला शाळेतल्या मुलांची उंची मोजलेली भिंत आठवायची, फक्त उलटी.

मग दुसरं पाणी कुठलं? विहिरीचं. प्रवाळाच्या वाळूत पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, भिंगासारखा मध्ये जाड आणि कडेला पातळ असा थर करून. विमानतळाजवळ बोनरिकीला असा एक चांगला साठा आहे, तिथून राजधानीला नळाचं पाणी येतं, आम्ही होतो तेव्हा तेही दोन दिवसांतून काही तास. घराजवळच्या विहिरी उथळ. शेजारी डुक्कर बांधलेलं, पलीकडे शौचखड्डा, सगळं त्याच वाळूत मुरणार. लहान मुलांचे जुलाब हा तिथला रोजचा विषय आहे आणि त्याचं कारण या दहा फुटांच्या अंतरात आहे.

तिथल्या पाणीखात्यातल्या एका मुलाने आम्हाला हे कागदावर चित्र काढून समजावलं, आणि सांगितलं की पंपाने जास्त उपसलं तर खालचं खारं वर येतं आणि विहीर कायमची जाते. मी म्हटलं, मला चित्र नको, माझ्या माहेरची विहीर तशीच गेली. वसईतली टँकरच्या उपशाची ती वर्षं ज्यांनी पाहिली आहेत, वसईची हिरवाई आणि पाणी वाचवायच्या 'हरित वसई' चळवळीच्या सभांना जे गेले आहेत, त्यांना तारावा समजायला पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे निदान बावखलं, म्हणजे वाडीतली छोटी तळी, होती पाणी मुरवायला. तिथे बावखलासारखे दिसणारे खड्डे आहेत खरे, पण ते उलट्या कामाचे. गोड्या पाण्यापर्यंत खणत जायचं आणि त्या चिखलात 'बाबाई' लावायची. बाबाई म्हणजे आपल्या अळूचाच भाऊबंद, फक्त पान माणसाच्या छातीला लागेल एवढं आणि कांदा खायला वर्षानुवर्षं थांबायचं. मोठं उधाण आलं आणि समुद्र आत शिरला की आधी हे खड्डे मरतात.

नवऱ्याचं काम यातून ठरलं. शाळांच्या आणि दवाखान्यांच्या छपरांना पन्हाळी लावणं, गळणाऱ्या बदलणं, आणि प्रत्येक पावसाचं पहिलं पाणी टाकीत न जाता बाजूच्या उभ्या नळीत साठून वाहून जाईल अशी सोय करणं, कारण त्या पाण्यात छपरावरची पक्ष्यांची घाण असते. ऐकायला चार दिवसांचं काम वाटतं. पण एक कोपर-जोड कमी पडला की पुढचं जहाज येईपर्यंत बसून राहायचं. 'जहाज आलं का?' हा प्रश्न आम्ही अकरा महिने रोज विचारला. कांदे, बटाटे, पाइप, औषधं, सगळं त्यावर. जहाज लांबलं की दुकानात तांदूळ, साखर आणि डब्यातलं मांस एवढंच उरतं, आणि बहुतेक घरांत एरवीही तेच खातात. मधुमेह किती आहे हे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांच्या पायांकडे पाहून कळतं.

माझं काम त्याहून साधं. मला तिथे औषध द्यायचा अधिकार नव्हता आणि ते बरोबरच आहे. मी स्थानिक नर्सच्या मागे वही घेऊन फिरायचे. किरिबातीत लोकसंख्येच्या मानाने कुष्ठरोगाचे नवे रुग्ण जगात सर्वाधिक सापडणाऱ्या ठिकाणांइतके आहेत. मी तरुणपणी मुंबईत दोन वर्षं याच कामात होते, त्यामुळे चट्टा दिसला की हात आपोआप कापसाकडे जायचा. कापसाची बारीक वात करायची, रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे आणि स्पर्श होईल तिथे बोट ठेव म्हणायचं. चट्ट्याभोवती बोट बरोबर पडतं. चट्ट्यावर वात फिरते आणि बोट हलतच नाही. एका नऊ वर्षांच्या मुलीचं बोट असं हवेत थांबलं होतं, आणि डोळे मिटून ती हसत होती, कारण तिला वाटलं मी अजून सुरूच केलं नाही.

औषधं फुकट मिळतात, पाकिटं येतात. सहा महिने किंवा बारा महिने, रोगाच्या प्रकारावर. अवघड असतं ते पुढे. गोळीने लघवी लाल होते, दुसरीने कातडी काळवंडते, ते आधी सांगितलं नाही तर पाकीट छपराच्या वाशात खोचून ठेवतात. म्हणून महिन्यातून एकदा समोर बसून मोठी गोळी घ्यायला लावायची. एका खोलीत, चटयांवर, आठ-दहा माणसं एकत्र झोपतात, तेव्हा घरातल्या सगळ्यांना तपासायचं. त्यातला एक मासेमारीला गेलेला असतो, एक नातेवाइकांकडे दुसऱ्या बेटावर. मग परत जायचं. तिसऱ्यांदा जायचं. सेवा सेवा म्हणतात त्यातला निम्मा वेळ मी कुणाच्या तरी ओट्यावर, म्हणजे त्यांच्या 'बुइया'वर, बसून काढला.

आणि बसणं हे तिथे वाया गेलेलं धरत नाहीत, हे कळायला मला तीन महिने लागले. प्रत्येक गावात 'मानेआबा' असतो, मोठ्या उतरत्या छपराचा, भिंती नसलेला सभामंडप. गावाचं सगळं तिथे ठरतं. कुठलंही काम सुरू करायचं तर आधी तिथे मांडी घालून बसायचं, म्हाताऱ्या मंडळींचं ऐकायचं, बसलेल्यांच्या समोरून जाताना वाकून जायचं. पाहुण्याच्या मानेवर टाल्कम पावडर टाकतात, वर सेंटचा फवारा, डोक्यावर फुलांचं कडं. मग पाहुण्याने बोलायचं. बोलणं संपलं की गायचं. आम्हाला काही येत नाही म्हणायची सोय नाही. मी वसईच्या लग्नातलं हळदीचं गाणं म्हटलं. एका ओळीत सगळा मानेआबा तीन-चार पट्ट्यांत मागून गायला लागला, शब्द एकही न कळता. गळे असे की बेसूर माणूस मला अकरा महिन्यांत भेटला नाही. माडावर चढलेला माणूससुद्धा गातच असतो. सकाळ-संध्याकाळ माडी काढायला चढतात, तिला 'करेवे' म्हणतात. ताजी गोड पितात, आटवून काकवीसारखं 'कमाइमाइ' करतात, आणि आंबवली की काय होतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको.

बसलो नाही तिथे फसलो. एका गावात घाई केली. टाकी आली होती, माणसं होती, मानेआबाच्या शेजारी चौथरा बांधून टाकी बसवून मोकळे झालो. आठवड्याने कळलं की तो वीतभर कोपरा दुसऱ्या घराण्याचा आहे आणि त्यावर आजोबांच्या काळापासून वाद आहे. टाकी भरलेली होती. पाणी कुणी घेईना. शेवटी ती रिकामी करून, वाळूतून ढकलत सहा मीटर पलीकडे नेली. नवरा त्या दिवशी जेवला नाही. ज्या म्हाताऱ्याने वाद काढला होता तोच टाकी ढकलायला सगळ्यात पुढे होता, हे मला आजही नीट उलगडलेलं नाही.

एक तक्रारही करून टाकते. आम्ही असताना एका देणगीदार मंडळाचा कंटेनर आला. त्यांचं नाव लिहीत नाही, हेतू चांगलाच होता. उघडला तर लोकरीचे स्वेटर, मुदत संपत आलेलं खोकल्याचं औषध आणि जुने जाडजूड संगणक. विषुववृत्तावर स्वेटर! आम्ही चार दिवस नुसतं वेगळं करत बसलो. अशा बेटावर कचरा टाकायला जागा नसते. आलेली वस्तू मोडली की ती तिथेच, तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये. तारावाच्याच एका टोकाला बेशिओ आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली झालेल्या लढाईतल्या जपानी तोफा अजून किनाऱ्यावर गंजत उभ्या आहेत, त्यावरून अंदाज घ्या. पाठवायचंच असेल तर आधी तिथल्या नर्सला विचारा. ती बहुधा नळाचे वॉशर सांगेल.

आता धर्मांतर. भारतातून विचारलं जाणारच, म्हणून सरळ सांगते. तिथे बाटवायला उरलंय कोण? १८५७ साली हायरम बिंगहॅम नावाचे अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी अबाइयांग बेटावर आले, त्यांनी तिथली भाषा रोमन लिपीत बसवली आणि बायबल त्या भाषेत आणलं. कॅथलिक फादर नोनोउती बेटावर १८८८ मध्ये उतरले. गंमत अशी की त्यांच्या आधी बेटेरो आणि टिरोई हे दोन तिथलेच मजूर ताहितीच्या मळ्यांत कॅथलिक होऊन परतले होते. त्यांनीच लोकांना शिकवणी दिली, बाप्तिस्मे केले आणि मग आता फादर पाठवा म्हणून मागणी केली. आज अर्ध्याहून थोडे जास्त लोक कॅथलिक, मग तिथलं प्रॉटेस्टंट चर्च, मग मॉर्मन (अमेरिकेत निघालेला एक वेगळा पंथ). आम्ही ज्या सिस्टरांच्या आवारात राहिलो त्यांतल्या बहुतेक तिथल्याच मुली. शर्यत असलीच तर पंथापंथांत आहे, आणि ती शाळांमधून चालते. जुन्या मिशनऱ्यांनी नाच बंद करायचा प्रयत्न केला होता हेही खरं. आज तोच नाच देवळाच्या सणाला होतो.

मॉर्मन मंडळींचा दिवस आमच्यापेक्षा वेगळा. पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी लावून दोघादोघांनी फिरणारी विशी-बाविशीची मुलं तुम्ही फोटोत पाहिली असतील. त्यांचं सगळं घड्याळावर, सकाळी साडेसहाला उठायचं म्हणजे उठायचं. त्यांच्यात निवृत्त जोडपीही येतात, स्वतःच्या खर्चाने, वर्ष-दीड वर्ष. पाणी, शाळा, व्हीलचेअर अशी कामं बघतात. असं एक जोडपं आमच्याजवळ राहायचं. ते चहा पीत नाहीत, आम्ही चहाशिवाय जगत नाही, तरी रोज संध्याकाळी एकत्र बसायचो. त्यातल्या बाईकडे पाइप आवळायचे पाच आकारांचे पाने होते. धर्मावर आम्ही एकदाच बोललो आणि लगेच पान्यांवर परतलो.

मिशनरी फक्त बाहेरून आत येतात असंही समजू नका. कोविडमध्ये देशाने जवळजवळ दोन वर्षं सीमा बंद ठेवली होती. जानेवारी २०२२ मध्ये फिजीहून पहिलं विमान आलं, त्यात चर्चच्या सेवेसाठी परदेशी गेलेले आणि तिकडेच अडकलेले तिथले तरुण होते. ५४ प्रवाशांपैकी ३६ जणांना लागण निघाली. निघण्याआधीच्या तपासण्या करूनसुद्धा. साथ बेटावर पसरली ती तिथून. आम्ही तेव्हा ऑकलंडला होतो, रोज फोन लावायचो.

तुमच्या जाण्याबद्दल. दोन आठवड्यांसाठी जाऊ नका, तेवढ्यात तुम्ही त्यांचं पाणी पिऊन परत याल. सहा महिने असतील तर आधी पत्र लिहून त्यांना काय हवंय ते विचारा आणि जमिनीवर तास-दोन तास बसायची सवय करा. माझ्या गुडघ्यांनी मला तिथे शरण आणलं होतं. इंग्रजीवर भागतं, पण 'मौरी' (नमस्कार) आणि 'को राब्वा' (आभार) एवढं तरी पहिल्या दिवशी तोंडात असू द्या. रविवारी काही काम काढू नका. आणि ज्या वस्तूवर जीव आहे ती घरी ठेवून जा.

हे शेवटचं का, ते सांगते. तिथे 'बुबुती' नावाची रीत आहे. नात्यातल्या माणसाने तुमच्याकडे वस्तू मागितली तर नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणारा हलका ठरतो. आमच्यासारख्या परक्यांना, 'इमतांगां'ना, यातून सूट असते, पण वर्षभर एका चटईवर जेवल्यावर ती सूट विरत जाते. मी वसईहून पाच लिटरचा कुकर नेला होता. डाळ-भात त्याच्याशिवाय होत नाही म्हणून. शेजारीण माझ्याच वयाची. एका सकाळी आली, बसली, पावसाचं बोलली, माशांचं बोलली, जायला उठली आणि उठता उठता कुकर मागितला. मी सिस्टरकडे पाहिलं. ती छपराकडे बघत होती. दिला.

पुढच्या आठवड्यात दुपारी शिट्टी ऐकू आली, शेजारच्या घरातून नव्हे, त्याच्या पलीकडच्या पलीकडून. शेजारणीच्या नणंदेने तो तिच्याकडून मागून नेला होता. आत ऑक्टोपस शिजत होता. मी दोन दिवस धुसफुसले. नर्स हसून म्हणाली, मग तूही माग की. म्हणून एका सकाळी मीही गेले, बसले, पावसाचं बोलले, माशांचं बोलले. कुकर परत मागायची हिंमत झाली नाही. तोंडातून निघालं 'चटई'. तिने जागच्या जागी गुंडाळून हातात दिली. बारीक विणीची, केवड्यासारख्या पानांची, कडेला तपकिरी नक्षी. घरी येऊन पसरली तेव्हा मधोमध माणूस झोपून झोपून पडलेला खळगा दिसला. ती त्यांच्या निजायची होती. आठवडाभर मला तिच्या घरावरून जायची लाज वाटली. तिला काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. ती आपली रोजच्यासारखी 'कुठे निघालीस?' विचारायची.

चटई आता ऑकलंडच्या खोलीत आहे, नातू तिच्यावर गाड्या खेळतो. कुकर तारावातच. मागच्या वर्षी तिकडून आलेल्या एका सिस्टरबरोबर निरोप आला: रिंग सैल झालीये, वाफ जाते, नवी पाठव. भावाला वसईहून तीन रिंगा पाठवायला सांगितल्या. त्या आल्या आणि बघते तर बाहेरून लागणाऱ्या झाकणाच्या. माझा कुकर आतल्या झाकणाचा. परत सांगितल्या.